लवादाचा बिल्ला आणि सुगंधाबाईची वांगी

कचेरीतले कागद दप्तरात बांधून ठेवता येतात. किस्से कुठे ठेवणार? चार दोस्त चहाला बसले की ते आपोआप सुटतात. आमच्या लवादाचे तर पोतंभर आहेत.

पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजांच्या अमलातला आमचा वऱ्हाड, पलीकडे निजामाची मोगलाई. नदीनं पात्र बदललं आणि मधली गाळाची जमीन कोणाची, यावरून दोन्ही सरकारांचं वाजलं. मग दोघांनी मिळून लवाद नेमला. कचेरी अकोल्यात, जठारपेठेपलीकडच्या बंगल्यात. मी तिथला कारकून. आमच्यावर कोणी दबाव आणू नये म्हणून सगळ्यांना पितळी बिल्ला मिळाला. बिल्लेवाल्याला अडवायचं नाही, त्याची झडती घ्यायची नाही, त्याला कोर्टात खेचायचं नाही. दबाव आणायला कोणीच आलं नाही. बिल्ला मात्र आम्ही रोज वापरला.

*

करीमभाई आमचा गाडीवान. एकदा ताडपत्रीखाली सासूच्या तीन बकऱ्या घालून तो जकात नाक्यावर आला.

"काय हाय आत?" नाकेदारानं विचारलं.

"लवादाचे कागद." करीमभाईनं बिल्ला दाखवला.

आतून बें बें ऐकू आलं.

"कागद वरडून राहिले ना, करीमभाई."

"दोन सरकारायचं भांडन हाय. वरडतीनच."

नाकेदारानं वाटेतला आडवा बांबू वर केला.

*

माझंही सांगतो. घरी आई आणि बायकोचं लोणच्याच्या बरणीवरून पेटलं. दोघी मलाच साक्षीला बोलावू लागल्या. मी ऐटीत म्हणालो, "लवादाच्या मानसाले साक्षीले ओढता येत नाई."

बायको शांतपणे म्हणाली, "मंग आज बिल्ल्यालेच वाढाले सांगा."

त्या दिवशी मी चिवड्यावर भागवलं.

*

अध्यक्ष रावसाहेब पुण्याकडचे, निवृत्त मुन्सफ. सुनावणीत ते चक्क घोरायचे. वकिलांना हरकत घेता येईना, कारण लवादात बसून अध्यक्ष जे करतील त्यावर प्रश्न विचारायचा नाही, असा नियम. मी नोंद करायचो, "अध्यक्ष विचारात." एकदा तर ते दोन तास विचारात होते! त्यांचा जीव फक्त बंगल्यापुढच्या शेवंतीत. तिला पाणी स्वतः घालायचे.

*

बिल्ल्याचा खरा जाच झाला तो सुगंधाबाईला. तिचा वांग्याचा मळा मोर्णेकाठी, आमच्या वाटेवर. मळ्यातून गेलं की फेरा वाचतो, म्हणून रावसाहेबांचा हुकूम, गाडी तिथूनच न्यायची. रोज थोडी झाडं चाकाखाली जायची, आणि तिचं घर त्या मळ्यावरच चालायचं. तिनं तक्रार केली, तर पोलीस जमादारानं बिल्ला पाहून हात वर केले. कोर्टानं अर्ज परत केला. मीही त्याच गाडीत बसायचो. लाज वाटायची, पण कधी उतरलो नाही.

एक दिवस तिनं मलाच गाठलं. "बाबूसाहेब, हे सूट कोनाकोनाले हाय?"

मी नियम वाचून दाखवला. पंच, नोकर, साक्षीदार आणि त्यांची वाहनं, जनावरं.

"जनावरं बी?"

"गाडीचे बैल हायेत ना, म्हनून."

ती लगेच म्हणाली, "माह्यं माहेर पैनगंगेवरचं हाय. लहानपनी नदी कुठून वाहे, मले ठाऊक हाय."

मी वऱ्हाडच्या बाजूच्या वकिलाला सांगून साक्षीदारांत तिचं नाव घातलं आणि नियमाप्रमाणे तिलाही बिल्ला मिळाला.

साक्षीच्या दिवशी ती म्हैस घेऊन आली. म्हैस सरळ शेवंतीत शिरली. रावसाहेब धोतर सावरत बाहेर धावले. "हाकला तिला!" करीमभाई पुढे झाला आणि थबकला. म्हशीच्या गळ्यात साक्षीदाराचा बिल्ला होता.

"नियम काय आहे?" रावसाहेबांनी मला विचारलं.

मी जरा मोठ्यानंच वाचला. "साक्षीदार, त्याचे वाहन व जनावर यांस येता-जाता कोणीही अडवू नये."

म्हैस दुसऱ्या वाफ्याकडे वळली. सुगंधाबाई पायरीवर टेकली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली,

"मले घाई नाई, साहेब. तुमची गाडी उद्या कोन्या रस्त्यानं जाईन?"