पायऱ्यांखालची ग्रामसभा

मराठवाडा म्हणजे नुसता रखरखाट, असं नाशिकमध्ये बसून बोलणाऱ्यांनी जानेवारीत एकदा धाराशिव ते लोहारा रस्ता जीपने करावा. दोन्ही बाजूंना कणसात आलेली ज्वारी, मध्येच हरभऱ्याचे पट्टे आणि पुढे रस्ताभर डुलत चाललेले उसाचे ट्रॅक्टर. "आता काढा की हो पुढं!" असं मी ड्रायव्हरला इतक्यांदा म्हणाले की शेवटी मीनलनंच मला गप्प केलं.

मीनल माझी शाळासोबतीण. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून व्हीलचेअरवर आहे. 'दिव्यांग' म्हटलेलं तिला खपत नाही. "माझ्यात दिव्य काही नाही, अपंगच म्हण," म्हणते. ती वकील आहे. अपंगांचे खटले फुकट लढवणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेची प्रमुख म्हणून गेल्याच महिन्यात तिची नेमणूक झाली. आधीचे प्रमुख, सगळ्यांचे 'सर', फार भला माणूस, पण धडधाकट. अपंग माणूस त्या खुर्चीत बसायची ही पहिलीच वेळ. बाईंनी पहिलं काम काय काढलं, तर सरांच्या काळात मिटलेल्या तक्रारी. त्या खरंच मिटल्या का, हे त्या त्या माणसाला विचारायला ती निघाली, आणि मी तिच्या मागं. मला फिरायला निमित्त पुरतं.

लोहाऱ्यात बाभळीच्या काट्यानं व्हीलचेअरचं चाक बसलं. समोरच सायकलचं दुकान होतं. दुकानदारानं पंक्चर काढता काढता मला विचारलं, "ह्या बाईंस्नी चहा चालतो का?"

"त्यांनाच विचारा की! तोंड आहे त्यांना," मी फिस्कारले.

बिचाऱ्यानं जीभ चावली आणि मीनलला विचारलं. तिनं दोन कप घेतले. शेजारच्या हॉटेलातून धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट थालीपिठासारखा प्रकार) आणि दही आलं, तेव्हा कुठं माझा पारा उतरला.

आम्हाला जायचं होतं ते गाव तिथून पुढं. नाव सांगत नाही. तिथल्या नंदाची तक्रार अशी होती, की ग्रामसभा पंचायतीच्या माडीवर भरते आणि तिचे पाय चालत नाहीत. सर येऊन गेले होते. तिला उचलून नेऊ, असं गावानं कबूल केलं आणि प्रकरण मिटलं. मग नंदा सभेला जायचीच बंद झाली. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

नंदा हातमशिनीवर झंपर शिवत बसली होती. चाळिशीची, चुणचुणीत. मीनलनं विचारल्यावर आधी दोऱ्याशी चाळा करत राहिली, मग एकदम सुटली.

"उचलताना कुणाचा हात कुठं पडतो, ते म्या सभेत सांगू व्हय? वर न्हेऊन कोपऱ्यात ठिवत्यात. तोंड उघडायचा अवकाश, की म्हणत्यात, 'नंदीचं मंजूर करा, बिचारी एवढी आलीय.' आन मंजूर केलेलं कायबी हुत न्हाय!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "टाका केस!"

"तुमी केस टाकून जाल ताई. मला हितंच ऱ्हायचंय."

नंदानं दोरा तोडला. "सभा खाली घ्या. येवढंच."

पंचायतीसमोर सरपंच तात्या फेटा बांधून उभे. मीनलचा सत्कार माडीवर ठेवलेला आणि चार तगडे गडी पायरीपाशी तयार.

"म्याडम, काळजी करू नगा. खुर्चीसकट वर नेतो!"

"मला उचलायचं नाही. सत्कार खाली करा."

"पाहुण्याला रस्त्यात बसवू? गाव माझ्या तोंडात शेण घालंल!"

"मग सत्कार राहू द्या तात्या. पण ग्रामसभा खाली घ्या. पुढची वर भरवलीत, तर मी नोटीस पाठवणार. तुमच्या तोंडावर सांगून जातेय."

तात्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता हो. सकाळपासून हार घेऊन वाट बघत होता. तो माडीवर गेला, शाल-नारळ घेऊन खाली आला आणि तिथंच धुळीत मीनलला शाल पांघरली. "बघू," एवढंच म्हणाला. बघू म्हणजे काय, ते देवाला ठाऊक.

मुक्काम मुरुमला, मीनलच्या एका मैत्रिणीच्या सासरी. "बर्री, कूडरी," (कानडीत 'या, बसा') म्हणत सासूबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढ्यात ठेवली. मी तुटून पडले. मीनलचा घास मात्र हातातच.

"सर गोड बोलून गाव जिंकायचे. मी पहिल्याच दौऱ्यात गाव तोडलं का गं? वर त्याचा राग नंदावर निघाला तर?"

मी नुसती चटणी तिच्याकडे सरकवली.

नाशिकला आल्यावर आठवड्यांमागून आठवडे गेले. एका दुपारी नंदाचा फोन आला.

"ताई, सभा खाली झाली! चिंचंखाली. माझी म्या गेले, सरकत सरकत."

"आणि बोललीस का?"

"बोलले की! म्हणलं, आमच्या गल्लीत नळाचं पाणी दुपारच्याऐवजी पहाटं सोडा. समदे अंगावर आले. शेजारीण तर म्हणती, 'तुझ्या एकटीच्या सोयीसाठी आमी काय म्हून उठायचं?' तात्यांनी मतासाठी हात वर करायला लावले. म्या पडले!" आणि ही बाई फोनवर खदाखदा हसत सुटली. "लई भांडले ताई माझ्याशी, लई!"

मी तिथल्या तिथं मीनलला फोन लावला. म्हटलं, "नंदा हरली." मग सगळं सांगितलं, तर पलीकडून अशी काही आरोळी आली की मी फोन कानापासून लांब धरला.

प्रवासातून मी नेहमी चटण्या आणते, साड्या आणते. कुणाच्या हरण्यानं घरात बसून डोळे पुसायची वेळ पहिल्यांदाच आली. बिचारी म्हणून गाव तिला आजवर होच म्हणत आलं होतं. आता नाही म्हणालं, तेही तोंडावर, भांडून. आणि नंदानं पाण्याचा नाद सोडलेला नाही. पुढच्या सभेला त्या शेजारणीकडं बघून घेणार आहे म्हणे.