ठिपक्यांमधला खळगा

काचबिंदूने माझ्या नवऱ्याची नजर गेली, तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. घाटकोपरच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. आता मुलुंडच्या घरात खिडकीजवळच्या खुर्चीत नुसते बसून राहायचे. डोळ्यांबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. कुणी घरी आलं तर आवाजाच्या दिशेला तोंड वळवून, दिसत असल्यासारखं बोलायचे.

दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधायला शास्त्रज्ञ सामान्य माणसांचीही मदत घेतात, असं त्यांनी रेडिओवर ऐकलं आणि एका दुपारी मला कॉम्प्युटर लावायला सांगितला. ग्रहताऱ्यांशी माझा संबंध पंचांगापुरता. त्यांनी समजावलं, की ग्रह स्वतः दिसत नाही. तो आपल्या ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. पडद्यावर त्या प्रकाशाचे ठिपके असतात. ते कुठे खाली उतरलेत का, एवढंच बघायचं.

"काय दिसतंय?"

"रवा सांडल्यासारखं दिसतंय."

"अगं, डावीकडून सांग ना. रेघ सरळ आहे का?"

असं करत मी शिकले. जेवणं उरकली की आम्ही बसायचो. एकदा एका लहान, लालसर ताऱ्याच्या रेघेत मला खळगा दिसला. पुढे तसाच आणखी एक, मग आणखी. मधलं अंतर सारखं. त्यांनी तोंडी हिशेब केला, परत केला.

"ताऱ्याच्या फार जवळ नाही, फार लांब नाही," ते म्हणाले. "पाणी पाणीच राहील तिथे."

आवाज वर्गात शिकवतानाचा होता. आम्ही त्या शास्त्रज्ञांना तशी नोंद पाठवली. शेजाऱ्यांनाही त्यांनी बोलावून सांगितलं.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. मी आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. तो ग्रह नव्हता. तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरत होते आणि आळीपाळीने एकमेकांना झाकत होते. म्हणून एक खळगा खोल आणि पुढचा जरा उथळ, असं लिहिलं होतं.

"तसं आहे का?"

मी डोळे ताणून पाहिलं. "मला तर सारखेच वाटतात हो."

मला लहानपणीचा रांगोळीचा, भोकं पाडलेला कागद आठवला. जुन्या कॅलेंडरचं जाड पान घेतलं. ठिपक्यांचे आकडे कॉम्प्युटरवर मिळत होते, ते बघत बघत मोठ्या मापात रेघ काढली आणि दाभणाने एकेक ठिपका टोचला. पान उलटं करून त्यांच्यापुढे ठेवलं. उंचवटे बोटाला लागत होते.

ते सावकाश बोट फिरवत गेले. "हा खोल. हा उथळ. हा परत खोल." मग म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे."

बोट तिथेच राहिलं.

"दिसत असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं मला." आणि मग, "मला दिसत नाही गं."

नजर गेल्यापासून हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ते हुंदके देऊन रडले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांचा दुसरा हात धरून बसून राहिले.

आठवडाभर कॉम्प्युटर बंद होता. मग त्यांनीच विचारलं, "जाड कागद आहे का अजून?"

आम्हाला ग्रह सापडलेला नाही. दुसऱ्या कुणाला सापडला की बातमी येते, मी वाचून दाखवते. ते शेवटपर्यंत ऐकतात आणि विचारतात, "तारा शांत आहे का?" सतत भडकणाऱ्या ताऱ्याजवळ हवापाणी टिकणं कठीण, असं त्यांचं म्हणणं.

खाली जाताना लिफ्टमध्ये कुणी भेटलं, तर हल्ली तेच आधी बोलतात. "मला दिसत नाही हो. कोण ते सांगा."