राखलेला खड्डा

वैशाखात तळं आटत आटत मधल्या खड्ड्यात येऊन बसलं, की आमचं अख्खं गाव टोपल्या, जुनी लुगडी, फाटक्या मच्छरदाण्या, जे हाताला लागेल ते घेऊन चिखलात उतरायचं. मोठा मासा, बोटाएवढा मासा, अंड्यावरची मरळ, सगळं टोपलीत. कोणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं असायचं, "पाणी आटल्यावर मरणारच हायेत ते. कावळ्यानं खाण्यापरीस आपुन खाल्लं तर काय वाईट?" या बोलण्याला कोणाकडे तोड नव्हती. आणि रस्सा फक्कड व्हायचा, तेही खरं. गंमत अशी की तो खड्डा पुरता आटलेला मी लग्न होऊन आल्यापासून एकदाच पाहिला. बाकीच्या साली पाणी टिकलं, मासे तेवढे संपले.

आम्ही नवराबायको कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणारी माणसं. दिवाळीच्या आसपास ट्रक यायचा. लेकीला माझ्या आईकडे केजला ठेवायचं आणि ऊस संपेपर्यंत कारखान्याच्या कडेला पालात राहायचं. परत आलं की लेक आठवडाभर माझ्याशी पाहुण्यासारखं बोलायची. "पाणी देऊ का?" असं विचारायची. त्या प्रश्नाचा मला जो राग यायचा, तो कोणावर काढायचा तेच कळत नसे, म्हणून तो नवऱ्यावर निघायचा.

म्हणून चार घरांनी मिळून तळं मासेमारीला ठेक्याने घेतलं. बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, आणून सोडली. ती वाढायच्या आतच उन्हाळ्यात गावाने साफ केली, आणि आम्ही पुन्हा ट्रकात बसलो. दुसऱ्या खेपेला बोटुकली सोडली तेव्हा नवऱ्याला मी सांगितलं, "यंदा मासा टिकला तर तळं. न्हाई टिकला तर जन्मभर कोयता. मग माझ्यापुढं तळ्याचं नाव काढायचं न्हाई."

फाल्गुनाच्या शेवटी ऊस संपवून आम्ही परतलो, तेव्हा मासेमारीची माहिती द्यायला केजला एक बैठक होती. नवरा गेला आणि सोबत माझे सासरेही. त्यांना मी मामा म्हणते. मामांचं सगळं आयुष्य शेळ्यांमागे गेलेलं, माशाशी त्यांचा संबंध ताटापुरता. पण परत आले ते तावातावानेच. "तिकडं समिंदराला पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतेत म्हणं. मासा अंड्यावर असतो तवा कुणी जाळं टाकायचं न्हाई. एवढा समिंदर, तो बी रिकामा व्हायलाय, म्हून बंद ठेवतेत. अन् आपलं हे डबकं बारमाही उघडं!"

चारही घरांचं ठरलं. मोठ्या भोकांचं जाळं वापरायचं. पावसाळ्यात तळं बंद. आणि उन्हाळ्यात मधल्या खड्ड्याला कोणी हात लावायचा नाही.

ठरवणं सोपं होतं हो. गाव ऐकतंय कशाला? तेव्हा मामा म्हणाले, "खड्ड्यात काटे टाकू. जाळं टाकलं की फाटलं पायजे." शेळ्यांच्या वाड्याला काट्यांचं कुंपण घालण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बाभळीच्या ताज्या फांद्या तोडून, बैलगाडीने वाहून, त्यांनी दिवसभरात खड्डा भरून काढला. म्हशींना बसायला तेवढा एक कोपरा मोकळा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याला गेले तर तळ्यावर जत्रा. गावातल्या झाडून सगळ्या शेळ्या काठाच्या पाण्यात गुडघाभर उभ्या, आणि बाभळीचा हिरवा पाला ओरपताहेत. पाण्याला भिणारी जात, पण पाल्यापुढे कसली भीती! निम्म्या फांद्या ओढून काठावर आणलेल्या. आणि सगळ्यांत पुढे आमच्याच शेळ्या. जन्मभर शेळ्या राखलेल्या माणसाला हे सुचू नये? मी हसून हसून खाली बसले. काठावरचा एक चुलत सासरा म्हणाला, "दादा, माशाला शेळ्या राखणीला ठिवल्या व्हय?" मामा दोन दिवस तळ्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठून वेड्या बाभळीच्या वाळक्या फांद्या आणायला लागले. तिच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही. मीही गाडीवर चढले, कारण हसण्याने खड्डा राखला जाणार नव्हता.

वैशाख आला. गाव टोपल्या घेऊन आलंच. पहिलं लुगडं पाण्यात पडलं आणि टरटरून फाटलं. मग शिव्या सुरू झाल्या. "मासे राखतेत का जावाई?" असं एकाने विचारलं. मी म्हणाले, "जावायापरीस जास्त. जावाई पोटाला देत न्हाई." लोक हसले, पण उठले नाहीत. शेवटी ऊनच त्यांना घरी घेऊन गेलं. पाणी मात्र रोज खाली जात होतं. काट्यांची टोकं रोज थोडी जास्त दिसायची. गावाचं म्हणणंच खरं ठरलं तर? सगळं मेलं, आणि कोणाच्या तोंडीही लागलं नाही, तर?

पाणी टिकलं. हिरवं, कोमट, म्हशीच्या पोटाला लागेल एवढंच, पण टिकलं. मृगात खड्डा वाढला, श्रावणात तळं भरलं. पावसाळाभर आम्ही जाळं खुंटीला टांगून ठेवलं. त्या दिवसांत नवरा तळ्याकडे असा बघायचा, जसा उपासाच्या दिवशी माणूस भज्यांकडे बघतो.

दसरा झाला आणि मुकादम दारात आला. "येता का न्हाई, उद्या सांगा. ट्रक भरायलाय." त्याच दुपारी नवऱ्याने मोठ्या भोकांचं जाळं टाकलं. पहिल्या खेपेला शेवाळ आलं. मी काठावर उभी होते. दुसऱ्या खेपेला जाळं जड झालं. नवरा नुसता ओढत राहिला. पाणी फुटलं आणि रोहू आले, हाताच्या कोपरापर्यंत लांब. बोटभर पिल्लं भोकांतून निसटून परत पाण्यात पडत होती, आणि त्या जाणाऱ्या पिल्लांकडे बघून मला जो आनंद झाला, तो अजून सांगता येत नाही. मामा एवढंच म्हणाले, "जाऊ दे त्यांना. पुढल्या सालाची हायेत."

मुकादमाला नवऱ्याने सांगितलं, "यंदा न्हाई." घरी येऊन मी लेकीला म्हणाले, "आजीकडं जायचं न्हाई. पिशवी मोकळी कर." तिने मान हलवली, पण पिशवी मोकळी केली नाही. कपडे, दप्तर, कंगवा, सगळं भरलेलं तसंच उंबऱ्याशी ठेवून ती शाळेत गेली, आली, जेवली, झोपली. मी रागावले नाही. आजवर मी तिला काय काय सांगून गेले होते, ते तिला पाठ होतं.

ट्रक गेला त्या सकाळी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ट्रक तेलगावच्या रस्त्याला लागला, वळणावर दिसेनासा झाला. ती माझा पदर धरून आणखी थोडा वेळ तिकडे बघत राहिली. मग आत गेली, पिशवी उघडली आणि एकेक फ्रॉक दोरीवर टाकायला लागली. बाहेरून मी तेवढंच बघत होते. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.