पाटलीण, बारकी आणि माझा तक्ता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि गंमत म्हणजे या भानगडीत तो अर्धा सामील होता, फक्त त्याला ते ठाऊक नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही रविवारी माझ्याकडे जेवायला येणार नाही.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. आम्ही जोगेश्वरीला राहायचो. दोन खोल्या आणि मी धरून सहा माणसं – आई, बाबा, दादा, नवी वहिनी, धाकटा भाऊ. आरेच्या बाजूला तेव्हा एक लहानसं प्राणिघर होतं. आता नाही, म्हणून नाव सांगत बसत नाही. तिथे पाच लांडगे होते. आमच्या निसर्गप्रेमी मंडळाने ठरवलं, की त्यांचं वर्षभर निरीक्षण करायचं. दर रविवारी नऊ ते चार. दर दहा मिनिटांनी तक्त्यात खूण करायची – कोण कुणावर गुरगुरलं, कुणी शेपूट पायांत घातली, मांसाला पहिलं तोंड कुणी लावलं. हे काम मी हात वर करून मागून घेतलं.

लांडग्यांच्या प्रेमापोटी? छे हो. शेखरसाठी! हाच पुढे माझा नवरा झाला. तो मुलुंडहून यायचा आणि आम्ही आरेत झाडाखाली बसून भुईमुगाच्या शेंगा खायचो. मी लांडगे बघायला जाते एवढंच आईला माहीत होतं. मुलीने मुलं बघत हिंडण्यापेक्षा लांडगे बघितलेले बरे, असं तिचं मत होतं.

पहिले तीन रविवार मी खरंच पिंजऱ्यासमोर बसले, हे मात्र लिहून ठेवा. थोरल्या मादीला सगळे पाटलीण म्हणायचे. सगळ्यांत दबलेल्या मादीचं नाव बारकी. ती कायम भिंतीला लागून चालायची. लांडग्यांची देखभाल करणारे गावडेकाका मूळचे कुडाळकडचे. ते मला पहिल्याच दिवशी बारकीकडे बोट दाखवून म्हणाले, “बाय, ही पाटलीण हिका जगाक देवची नाय. थंडी येवच्या आधी हिका येगळी ठेवूक होयी.” थंडी हा लांडग्यांचा विणीचा काळ. तेव्हा थोरली मादी दुसरीला नराच्या आसपास फिरकू देत नाही. पण बारकीला हलवायचं तर कोल्ह्यांचा पिंजरा रिकामा करावा लागणार होता. म्हणून प्राणिघराचे डॉक्टर म्हणाले, आधी या मुलीचा तक्ता बघू, मग ठरवू.

म्हणजे बघा – बारकीचं काय करायचं, ते माझ्या कागदावर ठरणार होतं. आणि हे मला चांगलं माहीत होतं.

चौथ्या रविवारी शेखर आला. तक्ता कोराच राहिला. सोमवारी द्यायचा होता. संध्याकाळी मी तो मांडीवर घेऊन घरी बसले होते, तेवढ्यात बाबांनी दादाच्या हातातलं वर्तमानपत्र ओढून घेतलं. दादा मान खाली घालून बाजूला सरकला. मी बघतच राहिले. मग लिहिलं – ‘थोरला नर गुरगुरला. धाकटा नर मान खाली घालून दूर.’

खरं सांगू? मला फार हसू आलं. आमच्या घरात मला सोडून पाचच माणसं होती ना! मग काय, दर रविवारी रात्रीचं जेवण हाच माझा पिंजरा झाला. सकाळी गावडेकाकांना तोंड दाखवायचं आणि ते आपल्या कामाला लागले की सटकायचं. माशाची मधली तुकडी कुणी उचलली, धाकट्याने कुणापुढे लाडीगोडी लावली, सगळं तक्त्यात. आमटीत खोबरं कमी पडलं म्हणून आई वहिनीवर खेकसली – ‘पाटलिणीने बारकीला हाकललं.’ आणि जेवणं आटोपल्यावर त्याच दोघी शेजारी बसून तांदूळ निवडायच्या, हसायच्या. तेही लिहिलं – ‘दोघी अंगाला अंग लावून बसल्या.’ दर रविवारी भांडण, दर रविवारी समेट.

डॉक्टर खूश! इतका सुसंगत तक्ता त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. सुसंगत असणारच, आमची आई कधी नेम चुकवत नसे. मंडळाच्या बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. आणि निर्णय झाला – माद्यांचं भांडण टिकत नाही, बारकीला हलवायची गरज नाही. गावडेकाका पुन्हा म्हणाले, तिसऱ्यांदाही म्हणाले. पण शिकलेल्या मुलीच्या कागदापुढे त्यांचं कोण ऐकणार?

एक गोष्ट मला फार नंतर कळली. रानात लांडग्यांची टोळी म्हणजे घरच असतं – आईबाप आणि त्यांची पोरं. एखाद्याचं पटलं नाही, तर तो उठून आपल्या वाटेने जातो. इथे पाच जण पाच ठिकाणांहून आणून एका जाळीत कोंडलेले. बारकी जाणार कुठे? आणि तांदूळ निवडायला तिच्या शेजारी कोण बसणार?

डिसेंबरात एका सकाळी पाटलिणीने तिला धरलं. डावा कान अर्धा गेला, मागचा पाय फाटला. गावडेकाकांनी बांबू घेऊन आत उडी मारली आणि तिला सोडवलं. घाबरू नका – बारकी जगली. कोल्ह्यांचा पिंजरा रिकामा करून तिला ठेवलं, तिथे ती खाऊन-पिऊन चांगली गुबगुबीत झाली. लंगडायची, पण पुढे भिंतीला लागून चालायची नाही. तिला बघून मला आनंद व्हायचा, अगदी मनापासून. पण तो आनंद घ्यायचा मला काय अधिकार होता?

खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे. त्या हल्ल्यानंतरच्या रविवारी मी गेले, तेव्हा गावडेकाका माझी वाट बघत उभे होते. हाताला पट्टी होती. मला वाटलं, आता हे विचारणार – बाय, तू नक्की काय बघितलंस? उत्तर देईन असं ठरवूनच मी गेले होते. देवाशप्पथ.

पण त्यांनी विचारलंच नाही. कागदात समेट लिहिला आहे म्हणजे तो झालाच असणार, असं त्यांनी धरून चाललं होतं. वीस वर्षं जनावरांत काढलेला माणूस! आपणच त्या सकाळी खाणं उशिरा दिलं, म्हणून पाटलीण बिथरली, अशी त्यांनी मनाची समजूत करून घेतली होती. मान खाली घालून म्हणाले, “माझीच चूक जाली, बाय. तुझ्या येवढ्या कामाची माती केलंय. माका माफ कर.”

शेखर फाटकापाशी उभा होता. मी म्हटलं, “असू दे, काका. होतं असं कधीकधी.”

मी त्यांना माफ केलं.