पोत्यांचा उतार

गल्लीत मिस्त्रीचं मोठं नाव. बांधकामात त्याचा हात साफ होताच, पण नाव त्यामुळे नव्हतं. बायकोला उचलतो म्हणून होतं. आजारपणात तिचे पाय गेले. पुढे घर नवं झालं, तेव्हापासून दारातल्या तीन पायऱ्या हा गडी तिला दोन्ही हातांवर घेऊन उतरायचा आणि खाली चाकाच्या खुर्चीत बसवायचा. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या, "बघा, शिका काहीतरी!" मिस्त्री "त्यात काय एवढं" म्हणायचा आणि आतून फुलायचा. खरं सांगायचं तर कुणी बघत असलं की तो पायऱ्या जरा सावकाशच उतरायचा.

एक दिवस कोपऱ्यावरच्या शिवणवर्गाच्या बाई घरी आल्या. बायकोचं हातमशीनवरचं काम त्यांना फार आवडलं होतं.

"मुलींना शिकवायला याल का रोज?"

बायकोचा चेहरा उजळला. तेवढ्यात मिस्त्री मध्ये बोलला, "येईल की! मी आहे ना. उचलून आणीन, उचलून नेईन."

"विचार करून सांगते," बायको म्हणाली.

बाई गेल्यावर मिस्त्री वैतागला. "चालून आलेलं काम सोडतेस?"

"तुम्ही कामावर अडकलात की मी पायरीवर अडकले. आणि रोज पोरींसमोर गाठोड्यासारखं जायचं? नको."

मिस्त्रीला ते लागलं. एवढं करून वर हे ऐकायचं! तो घुश्श्यातच कामावर जाऊ लागला. काम होतं धान्याच्या दुकानात. एक दिवस तिथून तो परतला मात्र एकदम खुशीत, आणि जेवताना त्याला राहवेना.

"हमालांचे हाल बघवेनात गं. हातगाडी पायरीशी आली की प्रत्येक पोतं पाठीवर. म्हटलं, शेठ, पायऱ्या हव्यात कशाला? लगेच उतार बांधून दिला. आता गाडी थेट आत!"

बायकोचा घास हातातच राहिला.

"पोत्यांसाठी बरं सुचलं तुम्हाला," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

मिस्त्रीची मान खाली गेली. जन्मभर वाळू-सिमेंट कालवलं, पण आपल्या दारात उतारासाठी ते कधी कालवलं नाही. का नाही, तेही त्याला पक्कं ठाऊक होतं. उतार झाला असता, तर उचलायचं कुणाला आणि बघायला कोण थांबणार? त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पहिल्याच सुट्टीला त्याने पायऱ्या फोडून तिथे उतार बांधला. सिमेंट वाळल्यावर गल्ली बघायला जमली. बोलावलं त्यानेच होतं. खोड जाते थोडीच! बायको कशीबशी उतरली. चढताना मात्र अर्ध्यावर तिचे हात भरून आले आणि खुर्ची मागे घसरू लागली. मिस्त्री धावला.

"मी आहे ना!"

"तेच तर!" ती धापा टाकत म्हणाली. "मागून कुणीतरी ढकलणार, असं धरूनच बांधलाय तुम्ही. दुकानातला उतार जसाच्या तसा इथे आणलात."

खरंच होतं. हातगाडीचा अंदाज हातात बसला होता. खुर्चीत बसणारीला विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. ती आत जाऊन पलंगावर बसल्यावर तो रिकामी खुर्ची खाली घेऊन आला, सगळ्यांसमोर तिच्यात बसला आणि चाकं ओढू लागला. त्याचे कमावलेले दंड, तरी अर्ध्यावर थरथरायला लागले. कुणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या हातात खडू दिला. "कुठपासून चढ जमेल, तूच सांग."

तिने फार लांब खूण केली. मध्ये त्याचा कट्टा येत होता. संध्याकाळी तिथेच बसून तो लोकांचं कौतुक ऐकायचा. घण आणून त्याने तो निमूटपणे फोडला.

नवा उतार लांब, कठडा धरून वळणारा झाला. बायको पहिल्यांदा शिवणवर्गाला निघाली, तेव्हा सवयीने मिस्त्रीचे हात पुढे झाले. ते त्याने पाठीमागे बांधले. ती कोपऱ्यावर वळली.

शेजारीण म्हणाली, "धन्य आहात मिस्त्री! बायकोसाठी केवढं केलंत!"

मिस्त्रीला तिच्याकडे बघवेना.

"त्या पायऱ्या पण मीच बांधल्या होत्या, वहिनी," तो म्हणाला. "तिचे पाय गेल्यानंतर."