कवचाच्या आतली अक्षरं

कर्जतला मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, तेव्हाची गोष्ट. शेजारी एका रेल्वे ड्रायव्हरची विधवा राहायची. गोऱ्यांच्या वंशातली, म्हणून सगळे तिला मडम म्हणत. एकुलती लेक विलायतेला गेलेली. मडमला तिच्याकडे जायचं होतं, आणि तिथलं सरकार म्हणे, तुमचे आजोबा इंग्लंडात जन्मल्याचं दाखवा. घाटात रेल्वेचं काम चालू असताना आजोबा बापाबरोबर तान्हे आले, एवढंच ती सांगायची. गाव कुठलं? राम जाणे!

"टीचर, घाटाखाली एक दगड आहे. त्यावर गाव कोरलेलं असेल," ती म्हणायची. हाच दगड कशावरून, असं विचारलं की चहा टाकायला उठायची. महा हट्टी बाई!

दगड सापडला, पण देव झालेला. शेंदराचे थरावर थर. लोक त्याला साहेबदेव म्हणत. मला एक मात्र खटकलं. साहेबापुढे विडी नाही, बाटली नाही. वाटीभर दूध आणि एक लाकडी पाळणा. वारा नव्हता, तरी तो पाळणा हलत होता. मी आपली देवाधर्माला फारशी न मानणारी, पण तिथून काढता पाय घेतला.

मडमनं शेंदूर खरवडायचा विषय काढला, तेव्हा पूजा करणारी म्हातारी खवळली. "हात लावाचा नाय! कवच आपसूक सुटतं. सुटलं का सांगावा धाडीन."

दोन वर्षांनी सांगावा आला. धावत-पळत पोचलो तोवर देवाला नवा शेंदूर फासून झालेला. उघडा देव परक्यानं बघायचा नसतो ना! गळलेलं कवच टोपलीत घालून म्हातारी नदीवर निघाली होती. ऐन दुपार, पाखराचा आवाज नाही.

"आजी, घटकाभर थांबा गं," मी हातापाया पडले.

कवचाच्या आतल्या अंगाला अक्षरं उमटली होती, पण उलटी. मडमला मोतीबिंदू. तिनं पावडरच्या डबीतला आरसा माझ्या हातात दिला. मी आरशात बघून मनातल्या मनात वाचू लागले. आधी नाव. तिच्या आजोबांचंच. मग जन्माचं गाव. त्याखाली लिहिलं होतं, मृत्यू, वय वर्षं तीन.

मी तीच ओळ पुन्हा वाचली. ज्या आजोबांच्या मांडीवर ही बाई खेळली, ते मग कोण?

म्हातारी टोपलीकडे बघत पुटपुटली, "लेकरू गेलं, तवा साहेबानं आमच्यातलं एक उचललं. नाव बी तेच ठेवलं. माजी आजी सांगायची."

"गाव काय? टीचर, गाव वाच!" मडम ओरडली.

मी गाव वाचलं.

"पुढे?"

"पुढचं पुसलंय," मी म्हटलं. आयुष्यात इतकं धडधडीत खोटं कधी बोलले नव्हते. कवच पाण्यात गेलं.

त्या गावच्या चर्चमधून जन्माचा दाखला आला आणि मडम लेकीकडे गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. बिचारीला काही कळलं नाही, असं स्वतःला बजावत राहिले.

वर्षभरानं तिचं पत्र आलं. लेक बरी आहे, थंडी फार आहे. आणि शेवटी एक ओळ होती.

"टीचर, त्या बाळाला दूध ठेवत जा. आजोबा दरवर्षी ठेवायचे, मला बरोबर नेऊन."