आत्याचं इटलीतलं गाऱ्हाणं

गेल्या वर्षी वारलेली आमची आत्या कशालाही गाऱ्हाणं घालायची. आमच्या गावी देवापुढं पुरुष मोठ्यानं गाऱ्हाणं घालतात आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आत्याला त्यासाठी पुरुष लागत नसे, देवही लागत नसे. देवरूखच्या स्टँडवर बंद पडलेल्या एसटीपुढं हात जोडून तिनं सुनावलं, "बा म्हाराजा, तुझी लेकरं उन्हात उभी हायत, तुझं काय दुखत असंल तं दूर कर!" बेचाळीस उतारूंनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. मी मोजले होते. त्रेचाळिसावा कंडक्टर. गाडी सुरू झाली नाही, ती गोष्ट वेगळी.

तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, दुसऱ्या महायुद्धात पायदळात शिपाई होते. इटलीत लढताना पडले आणि तिथंच पुरले गेले. त्यांच्या शेवटच्या पत्रात होतं, 'मुलगा झाला तर लगेच कळवणे.' झाली आत्या. आजीनं तरीही कळवलं. पत्र न फोडता परत आलं.

"म्हणजे मी झाले हे त्यांना अजून ठाऊकच नाही," आत्या म्हणायची. "समोर जाऊन सांगायला हवं."

एकोणऐंशीव्या वर्षी तिनं निघायचं ठरवलं. डॉक्टरांनी गुडघे बघून नको म्हटलं.

"डॉक्टर, तुमचे वडील कुठं असतात?"

"इथंच, मांडवीला."

"मग तुम्हाला काय कळणार!"

गेलो. आत्या, मी आणि माझी बायको. लष्करी दफनभूमीत सहावी रांग, अकरावा दगड, असं माझ्या कागदावर होतं. फाटकापासून बरोबर मोजून मी तिला उभं केलं. तिनं नारळ ठेवला आणि आवाज लावला, "बा म्हाराजा, तुमच्या घरात लेक जल्माला आली, ती आज तुमच्या पायाशी आली..." आम्ही दोघं 'व्हय म्हाराजा' म्हणत होतो. तिसऱ्या वेळेपासून आम्हाला घेऊन आलेला इटालियन टॅक्सीवालाही म्हणू लागला.

मग मी चष्मा लावून दगड वाचला. स्कॉटलंडचा कुणी मुलगा, वय वीस. रांगा पलीकडून मोजायच्या होत्या.

"बाळ्या," आत्या म्हणाली, "तू तीस वर्षं बँकेत होतास ना रे?"

बायको पदरात तोंड घालून हसत होती. मी नारळ उचलायला वाकलो.

"राहू दे तो. ह्याच्याकडं तरी कोण येतंय? ऐकलं बिचाऱ्यानं मुकाट्यानं."

आजोबांचा दगड सापडला तेव्हा मी हात जोडून तयार राहिलो. दगडावरचं नाव आत्यानं बोटानं दोनदा गिरवलं. गवतावर हळूहळू बसली.

"आत्या, गाऱ्हाणं?"

"ते देवाला घालतात रे. तुम्ही जा बघू तिकडं. मला बापाशी बोलायचंय."

आम्ही फाटकाशी थांबलो. एक तास दहा मिनिटं. मधेच ती हसताना ऐकू आली, मधेच कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी मान हलवताना दिसली. शेवटी टॅक्सीवाल्यानं हात देऊन तिला उठवलं.

"काय म्हणाले आजोबा?" मी विचारलं.

"तुला कशाला नसत्या चौकशा?" आत्या म्हणाली, आणि डोळे पुसत पुढं चालू लागली.